भूमी, भाषा आणि अस्मिता : बोहेमियातील जर्मन साहित्य आणि झेक इतिहास

सारांश : आजच्या झेक प्रजासत्ताकाच्या भूमीत मध्ययुगापासून १९४५ पर्यंत झेक भाषेबरोबरच जर्मन भाषेतही साहित्यनिर्मिती होत होती. एकोणिसाव्या शतकात 'भाषा म्हणजेच राष्ट्र' हे समीकरण रूढ झाले आणि या जर्मन साहित्याचे नेमके स्थान कोणते, हा प्रश्न निर्माण झाला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची ऐतिहासिक घडण स्पष्ट केली असून, झेक समाजाने हे साहित्य प्रथम परके मानणे, नंतर विसरणे आणि अखेरीस त्याचा पुन्हा स्वीकार करणे ही प्रक्रिया झेक अस्मितेच्या बदलत्या व्याख्येशी कशी निगडित आहे, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : बोहेमिया, प्रागमधील जर्मन साहित्य, झेक राष्ट्रवाद, द्वैभाषिकता, काफ्का, लिब्लित्से परिषद.

प्रस्तावना

फ्रांट्स काफ्का (१८८३-१९२४) हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. मात्र काफ्का कोणत्या देशाचा लेखक, असे विचारले तर जाणकारही क्षणभर थांबतो. त्याचा जन्म प्रागमध्ये झाला आणि त्याचे बहुतेक आयुष्य त्याच शहरात गेले. तो जर्मन भाषेत लिहीत असे. तो ज्यू होता. जन्मसमयी तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाचा प्रजाजन होता आणि मृत्यूसमयी झेकोस्लोव्हाकिया प्रजासत्ताकाचा नागरिक होता. संदर्भग्रंथांत त्याचा उल्लेख कधी जर्मन, कधी ऑस्ट्रियन, कधी झेक, तर कधी ज्यू लेखक असा येतो. यांपैकी एकही वर्णन चूक नाही आणि एकही पुरेसे नाही.

ही अडचण केवळ काफ्कापुरती मर्यादित नाही. रिल्के, वेरफेल, ब्रोट, किश, श्टिफ्टर, एब्नर-एशनबाख अशा अनेक लेखकांच्या बाबतीत ती उद्भवते. साहित्याचा इतिहास भाषेनुसार लिहिला तर हे लेखक जर्मन वा ऑस्ट्रियन साहित्याच्या कडेला जातात. भूमीनुसार लिहिला तर ते झेक साहित्याच्या शेजारी येऊन उभे राहतात. या वर्गीकरणाच्या प्रश्नामागे एका समाजाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात लक्षावधी माणसांच्या जीवनमरणाचा प्रश्न गुंतलेला आहे. म्हणूनच त्याची मांडणी कालक्रमाने करणे उचित ठरेल.

१. 'बोहेमियन' आणि 'झेक' : एका शब्दाचे दोन अर्थ

विवेचनाच्या आरंभी एक भाषिक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. जर्मन भाषेत या प्रदेशाविषयी दोन विशेषणे आहेत. 'ब्योमिश' म्हणजे बोहेमिया या भूमीचा, मग त्याची भाषा कोणतीही असो. आणि 'चेखिश' म्हणजे झेक भाषा बोलणारा. झेक भाषेत मात्र 'चेस्की' हा एकच शब्द या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे 'बोहेमियाचा जर्मन' ही कल्पना जर्मनमध्ये सहज मांडता येते; झेकमध्ये ती मांडताना 'झेक जर्मन' असा विसंगत वाटणारा शब्दप्रयोग करावा लागतो. भूमी आणि भाषा यांतील पुढील सर्व संघर्ष या एका शब्दात बीजरूपाने दडलेला आहे.

प्रारंभीच्या काळात हा संघर्ष आजच्या स्वरूपात नव्हता. बोहेमियाच्या राजांनी बाराव्या-तेराव्या शतकांपासून जर्मन शेतकरी, खाणकामगार व कारागीर यांना आपल्या राज्यात वसविले. चौथ्या चार्ल्सने १३४८ मध्ये प्रागचे विद्यापीठ स्थापन केले. इ. स. १४०० च्या सुमारास झाटेत्स या गावातील योहानेस फॉन टेपल या नगरलेखकाने 'बोहेमियाचा शेतकरी' हा गद्यसंवाद रचला. पत्नीच्या निधनाने व्याकुळ झालेला शेतकरी त्यात प्रत्यक्ष मृत्यूशी वाद घालतो. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच धर्तीवर झेक भाषेत 'विणकर' ही कृती निर्माण झाली. तीत प्रेयसी गमावलेला विणकर दुर्दैवाशी वाद घालतो. एकाच भूमीतील दोन भाषा परस्परांचे साहित्य ऐकत होत्या, याचा हा आरंभीचा आणि बोलका पुरावा होय.

तथापि या सहजीवनास तडे जातच होते. १४०९ च्या कुत्ना होराच्या आज्ञापत्राने प्राग विद्यापीठातील कारभाराचे पारडे बोहेमियन गटाकडे झुकविले आणि बहुसंख्य जर्मन अध्यापक व विद्यार्थी शहर सोडून गेले. पुढे १६२० मधील श्वेतगिरीच्या लढाईत बोहेमियाच्या प्रोटेस्टंट सरदारांचा पराभव झाला. १६२७ च्या नव्या राज्यघटनेने जर्मन भाषेला झेकच्या बरोबरीचे स्थान दिले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रशासन, उच्च शिक्षण व नागर व्यवहार यांवर जर्मनचे वर्चस्व प्रस्थापित झाले. झेक ही प्रामुख्याने ग्रामीण व कष्टकरी वर्गाची भाषा म्हणून उरली.

२. राष्ट्रीय पुनरुत्थान आणि त्याची जर्मन भाषा

झेक राष्ट्रीय पुनरुत्थानाचा इतिहास वाचताना एक गोष्ट विशेषत्वाने जाणवते. झेक भाषेला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीतील विद्वानांचे बरेच लेखन जर्मनमध्ये झाले. योझेफ डोब्रोव्हस्की याने झेक भाषा व साहित्याचा इतिहास (१७९२) जर्मनमध्ये लिहिला. झेकचे पायाभूत व्याकरणही (१८०९) त्याने जर्मनमध्येच सिद्ध केले. आधुनिक झेक काव्याचा प्रवर्तक मानला जाणारा कारेल हिनेक माखा (१८१०-१८३६) याच्या प्रारंभीच्या कविता जर्मन आहेत.

या संदर्भात फ्रांटिशेक पालात्स्की याचे उदाहरण सर्वाधिक अर्थपूर्ण आहे. त्याच्या इतिहासग्रंथाचा पहिला खंड १८३६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक होते 'बोहेमियाचा इतिहास'. १८४८ मध्ये, क्रांतीच्या वर्षी, त्याची झेक आवृत्ती प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा शीर्षक झाले 'बोहेमिया व मोराव्हिया येथील झेक राष्ट्राचा इतिहास'. पहिल्या शीर्षकात इतिहासाचा नायक भूमी आहे. दुसऱ्यात तो भाषिक समूह आहे. इतिहासकार एकच, भूमी एकच. परंतु बारा वर्षांच्या अवधीत 'आपण' या सर्वनामाची व्याप्ती बदलली.

या बदलाची तात्त्विक बाजू योझेफ युंगमान याने मांडली. झेक भाषेवरील १८०६ च्या संवादलेखांत त्याने राष्ट्रीयत्वाची कसोटी भाषा हीच मानली आणि पुढे १८३४ ते १८३९ या काळात पाच खंडांचा झेक-जर्मन शब्दकोश सिद्ध करून त्या भाषेचे सामर्थ्य दाखवून दिले. याच्या नेमकी उलट भूमिका बेर्नार्ड बोल्त्सानो (१७८१-१८४८) या प्रागमधील गणितज्ञ व तत्त्वज्ञाने घेतली. १८१६ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुढे केलेल्या प्रवचनांत बोहेमियातील दोन्ही लोकसमूह मिळून एकच समाज होतो, आणि त्यांच्यातील विषमता दूर करणे हे सुशिक्षितांचे कर्तव्य आहे, असे त्याने प्रतिपादन केले. या विचारधारेस 'बोहेमवाद' अशी संज्ञा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जर्मन लेखनावर या विचाराची छाया दिसते. मोरित्स हार्टमान याचा 'चषक आणि खड्ग' (१८४५) हा काव्यसंग्रह आणि आल्फ्रेड माइस्नर याचे 'झिश्का' (१८४६) हे दीर्घकाव्य यांचे प्रेरणास्थान हुसपंथीय लढा हे आहे. जो इतिहास पुढे झेक राष्ट्रवादाचा गाभा ठरला, तो या जर्मन कवींना आपला वाटत होता. १८४८ च्या क्रांतीत मात्र दोन्ही गटांची राजकीय उद्दिष्टे परस्परविरुद्ध असल्याचे उघड झाले. फ्रँकफुर्ट येथील जर्मन संसदेच्या पूर्वतयारीचे निमंत्रण पालात्स्कीने नाकारले आणि बोहेमवादाचा राजकीय आधार ढासळला.

साहित्यात तो काही काळ टिकून राहिला. दक्षिण बोहेमियात जन्मलेल्या आडाल्बर्ट श्टिफ्टर याने 'विटिको' (१८६५-६७) या कादंबरीत बाराव्या शतकातील बोहेमिया रंगविला. मोराव्हियातील सरदार घराण्यात जन्मलेल्या मारी फॉन एब्नर-एशनबाख हिच्या 'बोझेना' (१८७६) या कादंबरीची नायिका एक झेक मोलकरीण आहे. झेक माणूस येथे आत्मीयतेने रेखाटला आहे हे खरे. परंतु तो सेवकाच्या स्थानी आहे, हेही तितकेच खरे. स्नेह आणि सामाजिक अंतर यांचे हे मिश्रण पुढील पिढीतही आढळते. फ्रांट्स वेरफेल याच्या 'बार्बारा' (१९२९) या कादंबरीच्या केंद्रस्थानी झेक दाईच आहे.

३. दुभंगलेले शहर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषिक विभागणी संस्थात्मक झाली. १८८० पासून ऑस्ट्रियन जनगणनेत प्रत्येकास त्याची 'व्यवहारभाषा' विचारली जाऊ लागली आणि तिचे एकच उत्तर नोंदविता येत असे. घरी एक व बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या माणसासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. १८८२ मध्ये प्राग विद्यापीठाचे झेक व जर्मन असे दोन स्वतंत्र भाग झाले. झेक राष्ट्रीय रंगभूमीची वास्तू १८८१ मध्ये उभी राहिली, तर नवे जर्मन नाट्यगृह १८८८ मध्ये. प्रशासनात दोन्ही भाषा आवश्यक करणारे पंतप्रधान बादेनी याचे १८९७ चे अध्यादेश जर्मनांच्या तीव्र विरोधामुळे निष्प्रभ ठरले. त्यापायी त्याला पद सोडावे लागले आणि त्या वर्षाच्या अखेरीस प्रागमध्ये दंगली होऊन लष्करी कायदा पुकारावा लागला. मोराव्हियात १९०५ च्या तडजोडीने प्रत्येक मतदाराचे नाव झेक किंवा जर्मन यांपैकी एका यादीत घालण्यात आले.

या विभागणीचे एक उदाहरण आपल्याकडील अभ्यासकांस विशेष उद्‌बोधक वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेण्यापूर्वी अशा आवृत्तीची निकड ज्या युरोपीय पंडिताने आग्रहाने मांडली, तो मोरिट्स विंटरनिट्स (१८६३-१९३७) प्रागच्या जर्मन विद्यापीठात प्राध्यापक होता. त्याच शहरातील झेक विद्यापीठात भारतविद्येचे अध्यापन विन्सेन्स लेस्नी करीत असे. १९२० च्या दशकात हे दोघेही रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात अतिथी म्हणून येऊन गेले. एकाच विषयाचे दोन विद्वान, एकच शहर, पण विद्यापीठे दोन. कारण भाषा दोन.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रागमधील जर्मनभाषकांचे प्रमाण शहराच्या लोकसंख्येच्या एक दशांशाहूनही कमी झाले होते. त्यांत ज्यूंचा वाटा मोठा होता. या अल्पसंख्य गटाकडे स्वतःची वृत्तपत्रे, शाळा, नाट्यगृह व विद्यापीठ होते; नव्हता तो त्या भाषेतील शेतकरी आणि कामगार. पावेल आयस्नर (१८८९-१९५८) या समीक्षकाने या स्थितीचे वर्णन 'तिहेरी कोंडवाडा' या संकल्पनेने केले. प्रागचा लेखक जर्मन म्हणून झेकांपासून, ज्यू म्हणून ख्रिस्ती जर्मनांपासून आणि सुखवस्तू म्हणून श्रमिकांपासून तुटलेला होता, असा त्याचा आशय आहे.

ही उपपत्ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. प्रागची जर्मन ही मुळांपासून तुटलेली, रक्तहीन व कागदी भाषा होती आणि काफ्काच्या शैलीचा कोरडेपणा तीतूनच आला, असा निष्कर्षही तिच्या आधारे काढण्यात आला. मात्र १९६० च्या दशकापासूनच भाषाभ्यासकांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले आहेत. मारेक नेकुला याने काफ्काच्या भाषाव्यवहारावरील आपल्या ग्रंथात (२००३) शालेय नोंदी, पत्रे व कार्यालयीन कागद तपासून काफ्काचे झेक भाषेशी असलेले नाते बारकाईने उलगडले. त्या आधारे पाहता कोंडवाड्याच्या भिंतींत दारे बरीच होती, असे म्हणावे लागते.

४. उंबरठ्यावरचे लेखक

या दारांमधून ये-जा करणाऱ्या लेखकांकडे आता वळू. रायनर मारिआ रिल्के (१८७५-१९२६) याचा 'गृहदेवतांना नैवेद्य' (१८९५) हा आरंभीचा संग्रह प्रागच्या वास्तू, झेक लोकजीवन व झेक शब्द यांनी भरलेला आहे. 'प्रागच्या दोन कथा' (१८९९) या पुस्तकात त्याने झेक तरुणांच्या राष्ट्रवादी चळवळीस कथाविषय केले. परंतु १८९६ मध्येच त्याने प्राग सोडले होते आणि त्याचे नंतरचे काव्य या भूमीपासून दूर गेले.

काफ्काचे तसे झाले नाही. त्याचे वडील दक्षिण बोहेमियातील झेकबहुल खेड्यातून आलेले होते. त्याचे शिक्षण जर्मन शाळेत व जर्मन विद्यापीठात झाले. १९०८ पासून १९२२ पर्यंत तो बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीस होता. १९१८ मध्ये प्रजासत्ताक स्थापन होताच संस्थेची भाषा झेक झाली. अनेक जर्मन अधिकाऱ्यांस नोकरी सोडावी लागली. काफ्का टिकला, कारण त्याला झेक येत होते. तथापि कार्यालयीन झेक पत्रे निर्दोष व्हावीत म्हणून तो बहिणीच्या झेक पतीकडून ती तपासून घेत असे. भाषा ही काफ्काच्या दृष्टीने कशी रोजच्या परीक्षेची बाब होती, हे यावरून स्पष्ट व्हावे. १९२१ मध्ये ब्रोटला लिहिलेल्या एका पत्रात त्याने जर्मनमध्ये लिहिणाऱ्या ज्यू लेखकांची कोंडी मांडली आहे. न लिहिणे, जर्मनमध्ये लिहिणे आणि अन्य भाषेत लिहिणे हे तिन्ही पर्याय अशक्य आहेत, असा त्याचा आशय आहे.

काफ्काच्या कादंबऱ्यांत प्रागचे नाव क्वचितच येते. तरीही त्या शहराचा भाषिक कलह त्याच्या लेखनात आहे. 'नगरचिन्ह' (१९२०) या छोट्या कथेत बाबेलचा मनोरा उभारण्यासाठी जमलेले लोक प्रथम वस्तीची सोय पाहू लागतात. उत्तम वस्ती कोणत्या राष्ट्रगटाला मिळावी यावरून भांडणे जुंपतात. पिढ्या उलटतात आणि मनोरा राहून जातो. अखेरीस त्या शहराच्या मनात एकच आस उरते, ती म्हणजे एका प्रचंड मुठीने आपला चक्काचूर करण्याची. म्हणून त्या शहराच्या चिन्हावर मूठ आहे. प्रागच्या नगरचिन्हावर तलवार धरलेला चिलखती हात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कथेचा रोख कळतो. ही कथा लिहिली गेली त्यानंतर अठरा वर्षांनी म्यूनिक करार झाला.

१९२० मध्येच मिलेना येसेन्स्का हिने काफ्काच्या 'कोळसेवाला' या कथेचे झेक भाषांतर 'क्मेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच्या लेखनाचे हे पहिले झेक भाषांतर होय. तिने आपल्याला झेकमध्येच पत्रे लिहावीत असा काफ्काचा आग्रह होता.

माक्स ब्रोट (१८८४-१९६८) हा काफ्काचा मित्र व त्याच्या हस्तलिखितांचा रक्षक म्हणून परिचित आहे. झेक संस्कृतीच्या दृष्टीने त्याचे कार्य त्याहून व्यापक आहे. लेओश यानाचेक याच्या 'येनुफा' या संगीतिकेचे त्याने जर्मन भाषांतर केले आणि १९१८ मधील व्हिएन्नाच्या प्रयोगानंतर यानाचेकची कीर्ती युरोपभर पसरली. यारोस्लाव हाशेक याच्या 'श्वेक'चे मोल ओळखणाऱ्या पहिल्या समीक्षकांपैकी तो एक होता. १९२८ मध्ये बर्लिनच्या रंगभूमीवर आलेल्या श्वेकच्या नाट्यरूपांतरात त्याचा सहभाग होता. रूडोल्फ फुक्स याने पेत्र बेझ्रुच याच्या 'सायलेशियाची गीते' या काव्याचे जर्मन भाषांतर १९१६ मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात, प्रसिद्ध केले आणि त्यास वेरफेलची प्रस्तावना होती. बेझ्रुचची कविता जर्मन मालक व अधिकारी यांच्या दडपशाहीविरुद्ध आहे, हे ध्यानात घेता या भाषांतराचे नैतिक धैर्य लक्षात येते. आयस्नरने उलट दिशेने काफ्काचा 'किल्ला' १९३५ मध्ये झेकमध्ये आणला.

तथापि या मैत्रीचे चित्र अतिरंजित करणे योग्य होणार नाही. या लेखकांचा गट लहान होता. सीमावर्ती भागांतील जर्मन साहित्यात 'सीमाप्रदेशीय कादंबरी' हा राष्ट्रवादी प्रकार लोकप्रिय होता आणि त्यात झेक माणूस आक्रमक म्हणून येत असे. फ्रिट्स माउटनर (१८४९-१९२३) याचे उदाहरण या दृष्टीने चिंतनीय आहे. बोहेमियातील ज्यू कुटुंबात जन्मल्यामुळे बालपणीच जर्मन, झेक व हिब्रू या तीन भाषा त्याच्या कानी पडल्या आणि त्या अनुभवातून त्याने भाषेच्या मर्यादांची तीन खंडांत चिकित्सा केली (१९०१-०२). तरीही 'ब्लाटनातील अखेरचा जर्मन' (१८८७) ही राष्ट्रवादी कादंबरी त्याचीच आहे. मोराव्हियातील कार्ल हान्स श्ट्रोबल हा कादंबरीकार तर पुढे नाझी राजवटीच्या सेवेत गेला. बोहेमियातील जर्मन साहित्य म्हणजे सर्व सलोख्याचे साहित्य, असा समज त्यामुळे टिकत नाही.

५. समाप्ती : १९३८ ते १९४७

१९१८ च्या प्रजासत्ताकात तीस लाखांहून अधिक जर्मन नागरिक होते. हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनीतून परागंदा झालेल्या लेखकांना प्रागने आश्रय दिला. १९३६ मध्ये टोमास मान याला प्रोसेच या गावाच्या पुढाकाराने झेकोस्लोव्हाक नागरिकत्व मिळाले. मात्र सप्टेंबर १९३८ मधील म्यूनिक कराराने सीमाप्रदेश जर्मनीस जोडला गेला आणि १५ मार्च १९३९ रोजी प्रागही व्यापले गेले. ब्रोट त्याच सुमारास काफ्काची हस्तलिखिते घेऊन निसटला. 'प्रागर टागब्लाट' हे १८७६ पासूनचे वृत्तपत्र बंद झाले.

जे निसटू शकले नाहीत त्यांचे भवितव्य भीषण होते. प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया व मोराव्हियातील सुमारे ७८ हजार ज्यू बळींची नावे लिहिलेली आहेत. काफ्काच्या तिन्ही बहिणी मारल्या गेल्या. मिलेना १९४४ मध्ये राव्हेन्सब्र्यूक छावणीत मरण पावली. कवी कामिल होफमान आउशविट्स येथे मारला गेला. प्रागमध्ये जन्मलेला एच. जी. आडलर तेरेझीन व आउशविट्स येथून वाचला आणि १९५५ मध्ये त्याने तेरेझीनच्या छावणीवरील विस्तृत अभ्यासग्रंथ जर्मनमध्येच प्रसिद्ध केला.

युद्धानंतर, १९४५ ते १९४७ या काळात, सुमारे तीस लाख जर्मनांना देशाबाहेर घालविण्यात आले. झेक-जर्मन इतिहासकारांच्या संयुक्त आयोगाच्या अंदाजानुसार या प्रक्रियेत १५ हजार ते ३० हजार व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यापूर्वीच्या सहा वर्षांच्या नाझी अत्याचारांची पार्श्वभूमी या घटनेस आहे, हे विसरता येत नाही; परंतु अपराधाचा निकष येथेही पुष्कळदा व्यक्तीचे कृत्य नसून तिची भाषा हाच राहिला. जनगणनेच्या एका रकान्यातील नोंद आता माणसाचे घर आणि कधीकधी त्याचा जीवही ठरवू लागली. बोहेमियातील जर्मन साहित्याचा वाचक, प्रकाशक व शाळा ही सर्व व्यवस्था अशा रीतीने दोन टप्प्यांत नष्ट झाली. ज्यू लेखक नाझींनी संपविले आणि उरलेला जर्मन समाज त्यानंतर देशोधडीला लागला.

याच काळात, १९४६ मध्ये, आयस्नरने 'मंदिर आणि तटबंदी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. झेक भाषेच्या सौंदर्याचे व सामर्थ्याचे इतके प्रेमळ विवेचन करणारा हा लेखक जर्मनभाषक ज्यू परंपरेतून आला होता. पाउल आणि पावेल अशी दोन नावे, दोन भाषांतील लेखन आणि उद्ध्वस्त झालेल्या शहरात पुन्हा लिहायला बसण्याची जिद्द यांमुळे आयस्नरचे चरित्र हे या साहित्याच्या इतिहासाचे सार ठरते.

६. विस्मरण आणि पुनर्शोध

१९४८ मध्ये सत्तेवर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीस काफ्का गैरसोयीचा होता. 'खटला' या कादंबरीचे झेक भाषांतर १९५८ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाही. अशा परिस्थितीत मे १९६३ मध्ये, काफ्काच्या ऐंशीव्या जन्मवर्षी, प्रागजवळील लिब्लित्से येथे परिषद भरली. तिचा सूत्रधार एदुआर्ड गोल्डश्ट्युकर (१९१३-२०००) हा जर्मन साहित्याचा प्राध्यापक होता. १९५३ मध्ये बनावट आरोपांखाली त्याला जन्मठेप झाली होती आणि १९५५ मध्ये त्याची सुटका झाली होती. आपला अपराध कोणता हे न कळताच शिक्षा भोगणारा काफ्काचा नायक त्याला केवळ पुस्तकातून ठाऊक नव्हता.

परिषदेत वाद झाला तो परात्मतेच्या प्रश्नावर. समाजवादी समाजात परात्मता उरलेली नसल्यामुळे काफ्का हा गतकाळाचा लेखक आहे, असे पूर्व जर्मनीच्या प्रतिनिधींचे म्हणणे होते. रोजे गारोदी, एर्न्स्ट फिशर आदींनी याचा प्रतिवाद केला. काफ्का आजही लागू पडतो, असे म्हणणे म्हणजे विद्यमान व्यवस्थेवर बोट ठेवणे होते. म्हणूनच १९६८ च्या 'प्राग वसंता'ची एक पूर्वखूण म्हणून या परिषदेकडे पाहिले जाते. १९६५ मध्ये तेथेच प्रागमधील समग्र जर्मन साहित्यावर दुसरी परिषद झाली. १९६८ च्या लष्करी हस्तक्षेपानंतर गोल्डश्ट्युकरला देश सोडावा लागला आणि काफ्का पुन्हा अडगळीत गेला.

लिब्लित्सेच्या मांडणीलाही मर्यादा होती. तेथे प्रागचे मानवतावादी साहित्य आणि सीमाप्रदेशाचे राष्ट्रवादी साहित्य अशी विभागणी रूढ झाली. प्रागच्या लेखकांचे पुनर्वसन त्यामुळे सुकर झाले, परंतु प्रागबाहेरील जर्मन लेखन सरसकट संशयास्पद ठरले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राग व बोहेमियन प्रदेशांतील जर्मन साहित्याच्या संदर्भग्रंथात ही विभागणी नाकारून संपूर्ण प्रदेशाचा एकत्र विचार करण्यात आला आहे.

७. १९८९ नंतर

१९८९ च्या मखमली क्रांतीनंतर काफ्काचे प्रागमध्ये पुनरागमन झाले. १९९० मध्ये फ्रांट्स काफ्का सोसायटी स्थापन झाली, २००१ पासून त्याच्या नावाने आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला जाऊ लागला आणि २००३ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. यांत पर्यटनाचा भाग मोठा आहे, ही टीका अनाठायी नाही. परंतु त्याहून खोलवर जाणारे प्रयत्नही झाले. जर्मनमध्ये लिहिणारी प्रागमधील अखेरची लेखिका मानली जाणारी लेन्का रायनेरोव्हा (१९१६-२००८) हिच्या पुढाकाराने २००४ मध्ये जर्मनभाषक लेखकांचे साहित्यगृह स्थापन झाले. ओलोमोउत्स येथील विद्यापीठात मोराव्हियातील जर्मन साहित्याचे स्वतंत्र संशोधन सुरू झाले.

अधिक महत्त्वाचा बदल झेक भाषेतील साहित्यात घडला. राडका डेनेमार्कोव्हा हिची 'हिटलरकडून आलेला पैसा' (२००६) आणि कातेर्झिना तुच्कोव्हा हिची 'गेर्टा श्निर्खची हकालपट्टी' (२००९) या कादंबऱ्यांनी १९४५ मधील हकालपट्टी हा विषय झेक वाचकापुढे आणला. मे १९४५ च्या अखेरीस ब्रनो शहरातून जर्मनांना पायी हाकलण्यात आले होते. २०१५ मध्ये त्या शहराच्या नगरपरिषदेने याबद्दल अधिकृतपणे खेद व्यक्त केला. दुसरीकडे, झेक लेखकांनी स्वेच्छेने जर्मन भाषा स्वीकारल्याचीही उदाहरणे आहेत. प्रागमध्ये जन्मलेल्या लिब्युशे मोनिकोव्हा (१९४५-१९९८) हिने स्थलांतरानंतर जर्मनमध्ये लिहिले, पण तिच्या 'दर्शनी भिंत' (१९८७) या कादंबरीचा विषय बोहेमियाच राहिला. यारोस्लाव रुडिश याने २०१९ मध्ये 'विंटरबेर्गचा अखेरचा प्रवास' ही कादंबरी थेट जर्मनमध्ये लिहिली. २००१ च्या जनगणनेत स्वतःला जर्मन म्हणविणारे केवळ ३९ हजारांच्या आसपास उरले होते. भाषेचा धागा मात्र पूर्णपणे तुटलेला नाही.

निष्कर्ष

१) बोहेमियातील जर्मन साहित्य हे झेक इतिहासाबाहेरचे साहित्य नाही. झेक राष्ट्रीय जाणिवेची पहिली विद्वत्तापूर्ण मांडणी जर्मनमध्ये झाली आणि झेक संगीत व साहित्य यांना युरोपभर पोहोचविण्यात या भूमीतील जर्मन लेखकांचा लक्षणीय वाटा आहे.

२) 'भाषा म्हणजेच राष्ट्र' हे समीकरण झेक भाषेच्या दृष्टीने मुक्तिदायी ठरले, परंतु जनगणना, मतदारयाद्या व अखेरीस हद्दपारीचे आदेश यांत उतरल्यानंतर त्याने द्वैभाषिक माणसाचे अस्तित्वच नाकारले. या साहित्यातील अस्वस्थता समजून घेण्यासाठी ही प्रक्रिया ध्यानात घेणे अनिवार्य आहे.

३) हे साहित्य म्हणजे केवळ सलोख्याचा वारसा नव्हे. त्यात भाषांतरकारांचे औदार्य आहे, तसाच राष्ट्रवादी द्वेषही आहे. दोहोंचा एकत्रित अभ्यास केल्यासच इतिहास प्रामाणिकपणे उभा राहतो.

४) १९६३ आणि १९८९ नंतरचा या साहित्याचा स्वीकार म्हणजे झेक समाजाने 'आपण कोण' या प्रश्नाचे उत्तर नव्याने शोधण्याचा प्रयत्न होय. 'चेस्की' या शब्दाचा 'या भूमीचा' हा जुना अर्थ त्यातून हळूहळू परत येत आहे. तो परत येत असताना ज्यांच्यासाठी तो अर्थ आवश्यक होता ती माणसे मात्र तेथे राहिलेली नाहीत. त्यांची पुस्तके उरली आहेत आणि झेक भाषांतरांच्या रूपाने ती त्या भूमीत पुन्हा वाचली जात आहेत. काफ्का कोणत्या साहित्याचा, या प्रश्नाचे उत्तर एका भाषेच्या नावाने देता येत नाही, ही या लेखकांनी मागे ठेवलेली सर्वांत महत्त्वाची शिकवण मानावी लागेल.